शेवटाकडून मोजलेला उजेड

मितवल्ली शहाता बसून चहा पीत नाही. पेला घेऊन तो दारापर्यंत जातो, डांबरी रस्ता दोन्ही बाजूंना बघतो, एक घोट घेतो, आत येतो, मशीनच्या खोलीचं कुलूप हलवून बघतो, मग दुसरा घोट. पन्नाशी उलटली तरी हे सुटलेलं नाही. नव्या पाहुण्याला वाटतं, आपल्यामुळे याची अडचण झाली. मग त्याची बायको नबाविया सांगते, "तुम्ही बसा हो. लग्नातसुद्धा असाच फिरत होता. काझीनं सहीसाठी त्याच्यामागे माणूस धाडला होता."

बहरिया ते फराफ्रा हा वाळवंटातला रस्ता. त्याच्या साधारण मध्यावर कंपनीचं ठाणं होतं. ट्रकवाले त्याला 'नुस्स' म्हणत, म्हणजे अर्धा. दोन खोल्या, छपरावर सौर पॅनेल, मागे कंपनीनं मारलेली बोअर. एका खोलीत मशीन, दुसरीत मितवल्ली आणि नबाविया. थोरला मुलगा रिझ्क मिन्यात, मुलगी कैरोत, दोघंही आपापल्या संसारात. मागच्या आवारात नबावियानं कांदे लावले होते, भाजी लावली होती, ऑलिव्हची दोन झाडं होती. ती माती तिथली नव्हती. तिथं वाळू आणि गोटे. फराफ्राहून माती पोत्यांनी आली, ट्रकवाल्या गिर्गिसच्या ट्रकमधून, दर फेरीला दोन पोती. पहिली तीन वर्षं त्या मातीत काही उगवलं नाही. चौथ्या वर्षी कांद्याची पात वर आली तेव्हा नबावियानं गिर्गिसला ट्रक थांबवून ती दाखवली होती.

नुस्सचं काम समजायला सोपं होतं. बहरियाहून जमिनीखालून केबल येते. तिच्यात केसाएवढे काचेचे धागे, धाग्यांतून उजेड पळतो, आणि त्या उजेडात फराफ्राचे फोन, बँक, दवाखाना, परीक्षांचे निकाल. काच कितीही चांगली असली तरी उजेड वाटेत मरत जातो. काचेत कुठं ओलावा अडकलेला असतो, कुठं धागा वाकलेला असतो, आणि दर चार-पाच किलोमीटरवर दोन तुकड्यांचा जोड असतो. प्रत्येक जागा थोडाथोडा उजेड खाते. नुस्सला पोचेपर्यंत तो इतका दमलेला असे, की तिथलं मशीन त्याला जोर देऊन पुढं ढकलत असे. काच थोडी अधिक स्वच्छ असती, जोड थोडे अधिक नीट असते, तर नुस्सची गरजच नव्हती.

आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. झऱ्यातून सुटलेलं पाणी पाटातून जाताना जिरतं, उडतं, फुटक्या बांधातून पाझरतं, आणि शेवटच्या खजुराच्या बागेला उरेल तेवढं मिळतं. मितवल्लीचा बाप शहाता हा फराफ्राजवळच्या एका वस्तीचा पाटकरी होता. कुणाच्या बागेला किती वेळ पाणी, हे तो ठरवी. त्या वस्तीत एक रीत होती. पाणी मोजायचं ते झऱ्याच्या तोंडाशी आणि तिथून खाली. शेवटच्या बागवाल्याला, म्हणजे पाटाच्या शेपटाला, "तुझ्यापर्यंत किती आलं?" असं विचारायचं नाही. तसं विचारणं म्हणजे पाटकऱ्याला चोर म्हणणं. एकदा एका जावयानं तसं विचारलं, तर शहातानं फावडं पाटात टाकलं आणि दोन दिवस घरी बसला. सगळी वस्ती त्याची समजूत काढायला गेली. जावई सर्वांत पुढं होता.

केबल टाकणारी माणसं आली तेव्हा मितवल्ली तरुण होता. कंपनीला खड्डे खणायला माणसं हवी होती. त्यांच्या मुकादमानं पाहिलं, की हा एरवी एका जागी ठरत नाही, पण धागा जोडणाऱ्या मशीनसमोर उभा केला की हलत नाही. बोटं दगडाची होतात. धागा सोलायचा, स्पिरिटनं पुसायचा, टोक सरळ कापायचं, दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर धरायची. ठिणगी पडते आणि काच काचेत वितळते. मध्ये धुळीचा कण आला, टोक तिरकं कापलं गेलं, की तिथं उजेड सांडला. मितवल्लीचे जोड क्वचितच सांडत. दोन वर्षांत सगळे त्याला उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, म्हणू लागले.

"मी मशीनच्या खोलीच्या खिडकीतून बघायचे," नबाविया सांगते. "नवरा एका जागी उभा आहे, हे बघायला मिळायचं ते तेवढंच."

केबल दोन्ही टोकांकडून टाकत आणली होती. बहरियाकडून एक टोळी, फराफ्राकडून दुसरी. दोन्हींच्या केबलचा माल वेगळा, कारखाना वेगळा. पांढऱ्या वाळवंटात, खडूच्या सुळक्यांमध्ये, दोन्ही टोळ्या भेटल्या. शेवटचा जोड मितवल्लीला दिला. त्यानं तो केला, आणि नुस्सहून मोजणी घेतली तेव्हा पडद्यावर भलतंच दिसलं. मोजणीचं यंत्र धाग्यात उजेड सोडतं, वाटेत काचेतून मागं विखरून आलेला उजेड टिपतं, आणि त्यावरून पडद्यावर एक उतरती रेघ काढतं. जोडाच्या जागी रेघ किंचित खाली पडते. इथं रेघ वर चढली होती.

"उजेड वाढला!" मुकादम ओरडला.

जोडात उजेड वाढत नाही, हे तिथल्या साहेबांना ठाऊक असणारच. फराफ्राच्या टोकाकडूनही मोजायचं, असा नियमही होता. पण फराफ्राची खोली बंद होती, किल्लीवाला खजूर उतरवायला बागेत गेला होता, आणि टोळीतले निम्मे लोक आमच्याकडचे. मितवल्ली म्हणाला, "शेपटाला विचारायची आपल्यात पद्धत नाही." टोळी हसली आणि तिनं मान डोलावली. साहेबांना कैरोला परतायची घाई होती. बकरा कापला, झाकण बंद केलं, वर वाळू लोटली.

त्या जोडाला नाव पडलं, बरकतीचा जोड. पुढं वर्षानुवर्षं जो कुणी तपासायला येई तो नुस्सवर उतरे, नबावियाच्या हातची उन्हात फुगवलेली भाकरी खाई, आणि तिथूनच दक्षिणेला, फराफ्राच्या दिशेनं, मोजणी घेई. पडद्यावर तो चढ दिसला की सगळे खूश. रस्त्याच्या बुलडोझरनं तोडलेले, उंदरांनी कुरतडलेले, उन्हानं चिरलेले बाकीचे सगळे जोड एकेकदा तरी उघडले गेले. बरकतीच्या चेंबरला कुणी हात लावला नाही. जिथं देवाचं देणं आहे तिथं कशाला उकरायचं?

शाहिनाज नुस्सला आली ती भर दुपारी, गिर्गिसच्या शेजारी बसून, मांडीवर मोजणीची पेटी. कैरोची इंजिनियर. वय तिशीच्या आसपास. तिनं उतरताच डोक्यावरचा रुमाल झटकला आणि आधी मशीनची खोली बघितली, मग पाणी मागितलं.

"दोन्ही टोकांना नवी मशीन येतायत," ती म्हणाली. "जोरदार आहेत. काच साथ देत असेल तर बहरियाहून निघालेला उजेड सरळ फराफ्राला उतरेल. मध्ये थांबायला नको."

"म्हणजे इथं?" नबावियानं विचारलं.

"इथलं बंद, खाला. गेल्या उन्हाळ्यात तुमच्या बॅटऱ्या किती वेळा बसल्या? प्रत्येक वेळी फराफ्रा आंधळं. दवाखान्यातून रक्तासाठी फोन लागत नव्हता."

"आणि आम्ही?"

"बहरियाला कंपनीची घरं आहेत. चांगली आहेत. तिसऱ्या मजल्यावर."

नबावियानं तिच्यापुढं चहा ठेवला. साखर विचारली नाही. "तिसऱ्या मजल्यावर कांदे कुठं लावायचे, पोरी?"

गिर्गिस म्हणाला, "गच्चीवर लाव, खाला. माती मी आणतो. जिना तू चढ." एकटाच हसला आणि ट्रकचं पाणी बघायला बाहेर गेला.

मितवल्ली तोवर दारात जाऊन चार वेळा आला होता.

दुसऱ्या दिवशी चाचणी झाली. केबलमध्ये कामात नसलेले दोन धागे होते. मितवल्लीनं ते नुस्समध्ये मशीनला वळसा घालून सरळ जोडून दिले. बहरियाहून नव्या मशीनचा उजेड सोडला. शाहिनाजनं आधीच फराफ्राच्या खोलीत मीटर लावून माणूस बसवला होता. त्यानं फोनवर आकडा सांगितला. तिनं तो दोनदा म्हणवून घेतला.

पुरेसा नव्हता. थोडक्यात हुकला होता.

मितवल्लीनं बायकोकडे पाहिलं नाही. "जुनी काच आहे, बाशमुहंदिसा," तो म्हणाला. आमच्याकडे इंजिनियरला असंच म्हणतात, आणि कधी मानानं, कधी टोमण्यानं म्हणतात. "काच म्हातारी झाली की माणसासारखीच. लांबचं झेपत नाही."

"काच मी हिशेबात धरली आहे, उस्ता. काच किती खाते ते धरलं, प्रत्येक जोड किती खातो ते धरलं. तुझ्याच मोजण्या आहेत. त्या हिशेबानं उजेड पोचायला हवा. जेवढा हवा त्याहून कमी येतोय. कुठंतरी असं गळतंय जे तुझ्या पडद्यावर दिसत नाही."

"माझ्या पडद्यावर सगळं दिसतं."

"उत्तरेकडून दिसतं. मी फराफ्राहून उलटं मोजते."

मितवल्लीच्या हातातला पेला खाली आला. "शेपटाला विचारणार?"

"कुणाला?"

"काही नाही. जा. विचार. वीस वर्षं या लायनीवर मीच आहे, मला विचारू नकोस. शेपटाला विचार."

"उस्ता, यात रागावण्यासारखं काय आहे? धागा आहे, दोन टोकं आहेत."

"मला राग आलेला नाही," मितवल्ली म्हणाला आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला. पलीकडे काहीही नव्हतं.

ती गिर्गिसबरोबर फराफ्राला गेली. मितवल्ली मशीनच्या खोलीत गेला, बाहेर आला, छपरावर चढला, पॅनेल पुसली. ती पुसायची वेळ नव्हती. फोन आला तेव्हा तो शिडीवर होता.

"बरकतीचा जोड," शाहिनाज म्हणाली. "इथून बघितलं तर चढ नाही. कडा आहे. लायनीवरचा सर्वांत वाईट जोड आहे तो."

"होऊ शकत नाही."

"ऐक. तिथं दोन कारखान्यांची काच भेटते. एकीचा गाभा जाड, दुसरीचा बारीक. दक्षिणेकडची काच उजेड जास्त मागं फेकते. त्यामुळं तुझ्या बाजूनं यंत्राला वाटतं, उजेड वाढला. वाढत नाही, नुसता जास्त परत येतो. दोन्ही बाजूंनी मोजायचं आणि दोन्हींचा मध्य काढायचा, तो खरा. तो मध्य वाईट आहे, उस्ता."

मितवल्ली शिडीवरून उतरला नाही. शाहिनाज पुढं बोलत होती. गाभे वेगळे असल्यानं थोडं जाणारच होतं, ते कुणाच्याच हातात नाही. पण एवढं त्यानं जात नाही. जोड नव्यानं करून बघायला हवा. मात्र ती परवा कैरोला निघणार, आणि त्या चेंबरवर काम करण्याजोगा हात या लायनीवर एकच.

"तू म्हणालास, की दोष काचेचा आहे, उकरून उपयोग नाही, तर मी तसं कळवते," ती म्हणाली. "खोटं ठरणार नाही. अर्धा दोष काचेचाच आहे. मग नुस्सला नव्या बॅटऱ्या देतील आणि चालू ठेवतील. उद्या सकाळी सांग."

फोन ठेवल्यावर तो खाली आला. नबाविया परातीत पीठ मळत होती. तिनं छपराखालून अर्धं ऐकलं होतं. उरलेलं त्यानं सांगितलं.

"म्हणजे तू नाही म्हणालास तर आपण इथं," ती म्हणाली.

"हो."

"आणि गेलास तर तिसरा मजला."

"जोड सुधारला तर. सुधारेलच असं नाही."

"तुझ्या हातून कधी सुधारला नाही असं झालंय?" तिनं पीठ आपटलं. "मग नाही म्हण. ती पोरगीच म्हणतेय, खोटं नाही. कुणाचा शाप लागणार आहे?"

"शापाचं नाही, उम्म रिझ्क." उम्म म्हणजे आई, अबू म्हणजे बाप; आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांना मुलाच्या नावानंच हाक मारतात.

"मग कशाचं आहे?"

तो बाहेर गेला. परत आला. "वीस वर्षं लोकांनी मला त्या जोडावरून उस्ता म्हटलं."

"लोकांनी तुला उस्ता म्हटलं कारण तू मुकादमाचं ऐकत नव्हतास आणि त्याला दुसरं काही म्हणता येत नव्हतं. जेव."

तो जेवला नाही. मुलुखियाची पातळ भाजी थंड झाली. तो मशीनच्या खोलीत गेला आणि यंत्र दक्षिणेकडच्या धाग्याला लावून बसला. बसला म्हणजे उभा राहिला. पडद्यावर तोच चढ होता. त्यानं यंत्र बंद करून पुन्हा लावलं, तरी तोच. इतकी वर्षं हा चढ त्याला आवडत आला होता. त्या संध्याकाळी तो चढ त्याला आपल्यावर हसताना दिसला, असं तो नंतर म्हणाला. नबाविया म्हणते, असं काही त्याला दिसत नसतं, हे सगळं गिर्गिसनं त्याच्या डोक्यात भरवलं.

मुलाला, रिझ्कला, त्यानं फोन लावला. रिझ्क मिन्यात मोटारी दुरुस्त करतो. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही मला नेहमी सांगायचात, गिऱ्हाईकाला इंजिन उघडून दाखव."

"इंजिनात तुझी आई राहत नाही," मितवल्ली म्हणाला आणि फोन ठेवला.

सकाळी नबाविया आवारात गेली आणि तिथं थांबली. कांद्याच्या वाफ्यातून एक वाट पडली होती. कुंपणापासून बोअरपर्यंत, आणि बोअरपासून परत कुंपणापर्यंत. पात मातीत दबली होती. नवऱ्याच्या चपलांचे ठसे एकावर एक इतके पडले होते की वाट टणक झाली होती.

ती आत आली. मितवल्ली दारात उभा होता.

"अबू रिझ्क, माझे कांदे तू तुडवलेस."

"अंधार होता."

"अंधार होता म्हणून झोपतात माणसं." तिनं त्याच्या जोडकामाची पेटी कोपऱ्यातून ओढली आणि त्याच्या पायाशी ठेवली. "जा. कर तो जोड. इथं राहिलो तर एकही वाफा शिल्लक ठेवणार नाहीस तू. कांदेही जातील आणि झोपही जाईल. एक तरी वाचू दे."

"म्हणजे तू—"

"मी काही म्हटलेलं नाही. मी फक्त तुला माझ्या वाफ्यातून बाहेर काढतेय."

शाहिनाजला फराफ्राला सोडून परतलेल्या गिर्गिसनं त्याला पांढऱ्या वाळवंटात सोडलं आणि स्वतःही थांबला. खडूच्या सुळक्यांवरून ऊन इतकं परावर्तित होत होतं की मितवल्लीनं टोपी भुवयांपर्यंत ओढली. चेंबर शोधायला वेळ लागला. बाकीच्या चेंबरवर दगड रचून खूण होती. याच्यावर कुणी रचलीच नव्हती, कारण इथं कुणाला यायचंच नव्हतं. वाळू उपसली, झाकण काढलं, जोडाची पेटी वर घेतली.

ती उघडून त्यानं भिंग डोळ्याला लावलं.

"काय झालं, उस्ता? आत बरकत नाही?" गिर्गिस वाकून म्हणाला. "बकऱ्याचं हाड सापडलं का?"

हाड नव्हतं. जादा धागा वेटोळी करून तबकात ठेवायचा असतो, वेटोळं मोठं, मोकळं. इथं वेटोळं झाकणाच्या कडेखाली चिमटलं होतं आणि एका जागी धागा अंगठीएवढा वाकला होता. काच तुटली नव्हती. पण इतक्या तीव्र वळणावर उजेड वळत नाही, बाहेर निसटतो. त्या दिवशी मांस शिजत होतं, टोळी हाका मारत होती, आणि झाकण त्यानंच दाबून बसवलं होतं. शिवाय जोडही नीट बसलेला नव्हता. भिंगातून पाहिल्यावर दोन टोकं केसाच्या केसाएवढी सरकलेली दिसत होती.

"माझंच आहे," मितवल्ली म्हणाला.

"काय?"

"गिर्गिस, ताडपत्री धर. वारा येतोय."

गिर्गिसनं ट्रकची ताडपत्री दोन सुळक्यांमध्ये ताणली आणि तिच्या कडेवर स्वतः बसला. "लवकर कर. माझे टोमॅटो शिजतायत मागे."

मितवल्ली गुडघ्यांवर बसला. धागा सोलला, पुसला, कापला. पहिला जोड झाला. फराफ्राहून फोनवर शाहिनाजचा आवाज आला, "बरा आहे. पण नाही." त्यानं तो कापून टाकला. दुसऱ्या वेळी वाऱ्याचा झोत आत शिरला आणि धागा फडफडला. "हा तर पहिल्याहून वाईट," ती म्हणाली. गिर्गिसनं ताडपत्रीची दुसरी कड पायानं दाबली.

"उस्ता, तू आयुष्यात कधी इतका वेळ एका जागी बसला नसशील," तो म्हणाला. "खालाला फोटो पाठवू?"

"हलू नकोस."

तिसऱ्या वेळी त्यानं जोड केल्यावर मशीन बंद केलं नाही. त्याच जागेवर पुन्हा हलकी ठिणगी दिली, मग पुन्हा. वेगळ्या गाभ्यांची काच जोडताना असं करतात. उष्णतेनं बारीक गाभा जोडापाशी किंचित फुलतो आणि जाडाशी त्याची जमवाजमव होते. कमी दिली तर उपयोग नाही, जास्त दिली तर जोड जळतो. प्रत्येक ठिणगीनंतर तो थांबे आणि फोनमध्ये विचारी, "आता?"

"थोडा बरा."

"आता?"

"अजून बरा. थांब. उस्ता, थांब, आता देऊ नकोस. हा राहू दे."

दुसऱ्या धाग्यालाही तेच केलं. वेटोळं मोकळं ठेवलं, तबकात बसवलं, झाकण लावण्याआधी दोनदा बोट फिरवून पाहिलं. मग तो उठला, आणि उठल्याबरोबर ट्रकभोवती फिरायला लागला.

शाहिनाजनं बहरियाला फोन करून नव्या मशीनचा उजेड सोडायला लावला. मीटरवरचा आकडा तिनं लगेच सांगितला नाही. मितवल्लीनं ट्रकला तीन फेऱ्या घातल्या.

"उतरला," ती म्हणाली. "लागतो त्याहून थोडा जास्तच आहे. उद्या कुठं केबल तुटली, दोन नवे जोड पडले, तरी भागेल."

"उत्तरेकडूनही मोजून बघ," मितवल्ली म्हणाला.

"मुख्य मोजणी झाली, उस्ता. गरज नाही."

"मला आहे."

म्हणून शाहिनाज कैरोला परत जाताना नुस्सला थांबली आणि दोघांनी तिथून मोजणी घेतली. चढ अजून होताच. जोड सुधारल्यामुळे तो आता पूर्वीपेक्षा उंच दिसत होता. कुणी बकरा कापला नाही. शाहिनाजनं दोन्ही बाजूंचा मध्य काढून मितवल्लीला दाखवला, त्यानं मान हलवली, आणि नबावियाला दोघांना जेवायला वाढायला सांगितलं.

नबावियानं वाढलं. शाहिनाजला ती म्हणाली, "पॅनेल कधी काढणार?"

"महिन्याभरात माणसं येतील, खाला."

"सगळी?"

"यादीत सगळी आहेत."

"बोअरसुद्धा?"

"बोअर कशी काढणार?" शाहिनाज म्हणाली. "ती जमिनीत आहे."

"हां," नबाविया म्हणाली आणि तिला आणखी भाकरी दिली.

माणसं आली. मशीन गेलं, बॅटऱ्या गेल्या, पॅनेल गेली. मितवल्लीची बदली बहरियाला झाली, आता त्याच्याकडे दोन्ही टोकांची तपासणी आहे. फराफ्राची लाइन त्या उन्हाळ्यात एकदाही पडली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सामान चढवायला गिर्गिसनं मदत केली, आणि सामान निम्मंच आहे हे त्याच्या लक्षात आलं.

"बाकीचं?" त्यानं विचारलं.

"कांदे काढायचेत," मितवल्ली म्हणाला. "तेवढं झालं की ती येते म्हणाली."

नबावियानं एका ट्रकवाल्याकडून जुना डिझेल पंप घेतला आणि बोअरला लावला. तुडवलेल्या वाफ्यातले कांदेही, थोडे बुटके का होईना, आले. ते तिनं रस्त्यावरच विकले, चहाबरोबर. कंपनीचा एक माणूस रिकामी इमारत बघायला आला होता, तोही चहा पिऊन गेला. कांदे निघाले. मग तिनं भेंडी लावली.

मितवल्ली गुरुवारी दुपारी बहरियाहून निघतो, शनिवारी सकाळी परत जातो. मध्येच कधी लाइन तपासायची म्हणून बुधवारीच येतो. गेल्या आठवड्यात मी तिथं होतो. तो पेला घेऊन दारापर्यंत गेला, आत आला, पुन्हा गेला.

"भेंडी झाली की येणार का?" त्यानं दारातून विचारलं.

"बघू," आतून नबाविया म्हणाली. "वाफ्यावरून चालू नकोस."

तो वाफ्याला वळसा घालून बोअरपर्यंत गेला आणि पंपाचा पट्टा ताणून बघायला लागला.